बेरीज कोण करतो?

“विकास म्हटला की चार लोकांचं नुकसान होणारच. पण चार लाखांचं भलं होतंय ना?”

हे वाक्य मी आमच्या कुरुळीत, चिंबळी फाट्यावर, चाकणच्या मार्केट यार्डात आणि तहसील कचेरीच्या व्हरांड्यात इतक्या वेळा ऐकलंय, की आता बोलणाऱ्याकडे मान वळवूनही बघत नाही. पुढारी बोलतो, जमिनीचा एजंट बोलतो, कंपनीचा एचआर बोलतो. ज्याचं नुकसान झालंय तोही बोलतो, फक्त जरा खालच्या आवाजात. वाक्य इतकं शहाण्यासारखं आहे की त्यावर प्रश्न विचारणारा एकतर अडाणी ठरतो, नाहीतर विकासाच्या आड येणारा.

पाश्चात्त्य राज्यविचारात या वाक्याला मोठं घराणं आहे. त्याचं नाव उपयुक्ततावाद. मूळ पुरुष जेरेमी बेंथम, मग जेम्स मिल, मग त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल. कॉलेजात राज्यशास्त्राच्या पेपरला “जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख” एवढं लिहिलं की पाच मार्क मिळतात आणि विषय संपतो. मला तो तिथे संपवायचा नाही, कारण आमच्या पट्ट्यात या एका ओळीवर जमिनी गेल्यात, नद्या गेल्यात, बोटं गेलीत.

माझं म्हणणं सरळ आहे. सुखदुःख मोजायला माझी हरकत नाही. एकाचं दुःख दुसऱ्याच्या सुखातून वजा करून शिल्लक काढायला माझी हरकत आहे. आणि ती शिल्लक काढणारा माणूस कायम सुखाच्याच रकान्यात बसलेला असतो, याला तर जास्तच.

आधी हेही सांगून टाकतो की या बेरजेत माझं घर फायद्याच्या बाजूला आहे. पुण्याहून नाशिककडे निघालात, मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडलात, की आधी चिंबळी लागतं आणि मग कुरुळी. माझ्या आजोबांच्या काळात इथे ज्वारी-बाजरी आणि चाकणच्या बाजारात जाणारा कांदा होता. आता शेड आहेत, वजनकाटे आहेत, रात्री दोन वाजताही कंटेनरच्या रांगा आहेत. आमच्या घरामागे आम्ही अकरा खोल्या बांधल्या. नांदेड, बुलढाणा, बिहार, उत्तर प्रदेश असा सगळा देश तिथे भाड्यानं राहतो. माझं शिक्षण त्या भाड्यातून झालं. तेव्हा “कारखाने नकोत” असं म्हणणारा हा लेख नाही. असं म्हणायचा मला अधिकारही नाही.

आता बेंथमकडे येतो. १७४८ ला जन्मला, १८३२ ला गेला. १७७६ च्या एका छोट्या पुस्तकात त्यानं सांगितलं की योग्य काय नि अयोग्य काय याचं माप म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. १७८९ च्या मोठ्या ग्रंथात त्यानं मापाची पद्धतच दिली. सुख किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, किती लवकर मिळणारं, त्यातून पुढे आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांपर्यंत पोचेल. सात प्रश्न. वाचताना गाडीचं ॲव्हरेज काढल्यासारखं वाटतं, पण त्या काळात ही मोठी हिंमत होती. इंग्लंडात तेव्हा किरकोळ चोरीलाही फाशी होती. कायदा म्हणजे उमरावांची सोय आणि धर्मगुरूंची भीती. अशा वेळी हा माणूस विचारत होता, की या शिक्षेनं नेमकं कुणाचं दुःख कमी झालं? समलिंगी संबंधांना शिक्षा का, यात कुणाला इजा झाली, असंही त्यानं लिहिलं. ते लिखाण त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही, इतकं ते पुढचं होतं. जनावरांबद्दल त्याचा प्रश्न होता की त्यांना दुःख होतं की नाही एवढंच सांगा. धाकट्या मिलनं १८६६ मध्ये बायकांच्या मताधिकाराचा अर्ज ब्रिटिश संसदेत मांडला. आपल्याकडे आगरकरांवर मिल आणि स्पेन्सरचा मोठा प्रभाव. केशवपन आणि बालविवाहावर ते तुटून पडले, तेव्हा शास्त्रात काय लिहिलंय यापेक्षा त्या पोरीला काय सोसावं लागतं हा प्रश्न त्यांनी पुढे आणला.

म्हणजे दुःख मोजणं हे हत्यार आहे आणि ते सोसणाऱ्याच्या हातात असलं की चांगलं चालतं. ते कुणाच्या हातात जातं, इथे सगळी गोम आहे.

एक गोष्ट जाता जाता. बेंथमचं ‘पॅनॉप्टिकॉन’ तुम्ही ऐकलं असेल. मधल्या मनोऱ्यावरून एका पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसतील असा तुरुंग. सगळे त्याला तुरुंगाची कल्पना म्हणून ओळखतात. पण ती मुळात त्याच्या भावाची, सॅम्युअलची. १७८० च्या दशकात तो रशियात नोकरीला होता आणि तिथल्या कारखान्यातल्या कामगारांवर थोड्या माणसांत नजर कशी ठेवायची म्हणून त्यानं ती काढली. शॉप फ्लोअरवर डोक्यावरचा कॅमेरा बघत ज्यानं शिफ्ट काढलीय, त्याला हे ऐकून आश्चर्य वाटायचं नाही.

आता ती गोष्ट, जी पाच मार्कांच्या उत्तरात कधी येत नाही. “जास्तीत जास्त लोकांचं” हा अर्धा भाग बेंथमनं म्हातारपणी स्वतःच सोडून दिला. १८२९ च्या सुमारास त्यानं एक साधं उदाहरण मांडलं. समजा एका समाजात ४००१ माणसं आहेत. २००१ एका बाजूला, २००० दुसऱ्या बाजूला. २००० जणांकडचं सगळं काढून, त्यांना गुलाम करून २००१ जणांत वाटून टाकलं, तर जास्तीत जास्त लोकांचं भलं झालं का? संख्येच्या हिशेबानं झालं. पण एकूण सुख वाढलं का? मुळीच नाही, घटलं, असं त्याचं उत्तर. कारण गमावल्याचं दुःख मिळवल्याच्या सुखाहून मोठं असतं, हे तो आधीपासून सांगत आला होता. गरिबाचा रुपया आणि श्रीमंताचा रुपया सारखा नाही, हेही. मग त्यानं ‘जास्तीत जास्त लोक’ वगळलं आणि फक्त ‘जास्तीत जास्त सुख’ ठेवलं.

म्हणजे चार लोक विरुद्ध चार लाख हे जे आमच्याकडे येताजाता ऐकवतात, ते खुद्द बेंथमनं खोडलेलं वाक्य आहे. गुरूनं टाकून दिलेलं गाठोडं आपण दोनशे वर्षं डोक्यावर वाहतोय.

तुम्ही म्हणाल, मग तर बेंथम आपल्याच बाजूचा निघाला. भांडण कशाला? भांडण यासाठी, की खोडाखोड करूनही त्यानं बेरीज सोडली नाही. सगळ्यांची सुखदुःखं एका वहीत लिहिता येतात, कुणीतरी हुशार आणि निःपक्ष माणूस त्याची शिल्लक काढू शकतो, हा विश्वास तसाच राहिला. तो विश्वास किती खरा, हे बघायला लंडनला जायला नको. दोनशे वर्षांपूर्वी तो प्रयोग आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला होता.

१८१८ ला पेशवाई गेली आणि दख्खनचा मुलूख कंपनीकडे आला. सारा किती घ्यायचा हा पहिला प्रश्न. लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीत १८१९ पासून जेम्स मिल बसला होता. बेंथमचा उजवा हात, आणि १८१७ मध्ये हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिलेला. हिंदुस्थान न बघता, इथली एकही भाषा न शिकता. वर प्रस्तावनेत त्यानं याचं समर्थन केलं, की न बघितल्यामुळे आपण जास्त तटस्थ आहोत. याच मिलनं मागे लागून रिकार्डोकडून अर्थशास्त्राचा ग्रंथ लिहून घेतला होता, आणि त्यातला भूमिभाड्याचा सिद्धांत आता त्याच्या कामाला आला. सिद्धांत असा. चांगल्या जमिनीत हलक्या जमिनीपेक्षा जे जास्त पिकतं, ते शेतकऱ्याच्या घामाचं नसतं, जमिनीच्या कसाचं असतं. ते सरकारनं काढून घेतलं तरी कसणाऱ्याला त्याची मजुरी आणि भांडवलाचा नफा मिळतोच. म्हणजे कुणालाच दुखत नाही. दुःखाविना कर! उपयुक्ततावाद्याला याहून गोड काय ऐकायला मिळणार?

हे जमिनीवर उतरवायला पुण्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी होता. शिक्षण हेलीबरीच्या कॉलेजात, जिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होता. १८२० च्या दशकात प्रिंगलनं पाहणी सुरू केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकतं ते काढायचं. त्यातून बैल, बी, खत, मजुरी वजा करायची. उरलं ते ‘निव्वळ उत्पन्न’. त्यातले ५५ टक्के सरकारचे. आज एक्सेल शीट उघडून बसलेल्या कुठल्याही पोराला हे फार सुंदर वाटेल. मलाही वाटलं.

मग काय झालं? शेतात उभं राहून पीक किती येईल हे सांगणारे होते कमी पगाराचे हाताखालचे लोक. ज्यानं हात ओले केले त्याची जमीन हलकी ठरली, ज्यानं केले नाहीत त्याची भारी. सरासरी कागदावर होती आणि दुष्काळ शेतात. धान्याचे भाव पडले, पण सारा रोखीत आणि ठरलेलाच. वसुलीसाठी रयतेचा छळ झाला. लोक घरदार टाकून शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत पळून गेले. मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासन अहवालात ही कबुली आहे, आणि पुढे असंही, की काही भागांत कसण्याजोग्या जमिनीपैकी जेमतेम तिसरा हिस्सा लागवडीखाली उरला होता. शेवटी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरापासून सगळं पुन्हा केलं. निव्वळ उत्पन्नाचं गणित बाजूला ठेवलं, लोक खरोखर किती देऊ शकतात ते बघितलं, दर खाली आणले आणि तीस वर्षांसाठी बांधून दिले. त्यांचीही पद्धत काही रामराज्य नव्हतं. पुढे तीस वर्षांनी दर वाढले आणि १८७५ ला सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. महात्मा फुल्यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचलात तर कळेल, की मोजणीची साखळी शेतात आली की कुणब्याच्या पोटात का गोळा यायचा.

प्रिंगल दुष्ट नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो प्रामाणिकपणे रयतेचं भलं करायला निघाला होता. पेशवाईच्या शेवटी मक्तेदारांनी गावं पिळली होती, त्यापेक्षा शास्त्रशुद्ध काहीतरी त्याला आणायचं होतं. पण ‘यात कुणाला दुखत नाही’ हे सिद्धांतातच लिहून ठेवलेलं असलं, की दुखतंय असं सांगणारा माणूस आळशी, खोटारडा किंवा अडाणी ठरवावा लागतो. वही चुकली असं म्हणता येत नाही. आणि त्या वहीत स्वतःचा आकडा स्वतः लिहायची सोय एकाही कुणब्याला नव्हती.

धाकटा मिल यातून शिकेल असं वाटतं. तो वडिलांहून कितीतरी उदार. स्वातंत्र्यावरचं त्याचं १८५९ चं पुस्तक अजून वाचावं असं आहे. पण त्याच पुस्तकात त्यानं सांगून ठेवलंय की हे स्वातंत्र्य ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही, त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाही चालेल. ते लिहिण्याआधी त्यानं ३५ वर्षं, १८२३ ते १८५८, ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली होती. म्हणजे पगार आपल्या साऱ्यातून. बेरजेत प्रत्येकाला एक धरावं, एकाहून जास्त कुणालाही नाही, असं बेंथमचं वचन म्हणून हाच मिल सांगतो. आपल्याला त्यानं एक धरलं की अर्धं, हे तुम्हीच ठरवा.

हे झालं कंपनी सरकारचं. आता स्वराज्य आहे, आपलीच माणसं आहेत. तरी मुळशी आठवा. १९२१ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट आणि मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. तेव्हाही युक्तिवाद हाच होता, की देशी उद्योग वाढेल, देशाचं हित होईल. तो करणाऱ्यांत इंग्रज साहेब होते तसे आपले देशभक्तही होते. धरण झालं. आज तुम्ही पावसाळ्यात ताम्हिणीच्या वाटेवर ज्या पाण्याचे रील काढता, ते हेच पाणी.

आणि ९ ऑगस्ट २०११. पवना धरणाचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं होतं. शहराची लोकसंख्या त्या वर्षीच्या जनगणनेत १७ लाखांवर. विरोध करायला मावळचे शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर उतरले. पोलिसांचा गोळीबार झाला, तीन जण गेले. त्यात एक बाई होती. त्या संध्याकाळी आमच्या भागात मी स्वतः ऐकलेलं वाक्य सांगतो. बोलणारा चांगला, शिकलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस. “वाईट झालं, पण सतरा लाख लोकांना पाणी नको का?” हे ‘पण’ बघा. या ‘पण’च्या अलीकडे तीन माणसं आहेत आणि पलीकडे सतरा लाख, आणि मधे एक तराजू आहे जो कुणी मागितला नव्हता. पाणी हवं हे खरंच आहे. मावळातला माणूसही नाही म्हणत नव्हता. पाइपातून पाणी गेलं की नदीकाठच्या आमच्या शेतीचं काय, एवढं तो विचारत होता. त्याचं उत्तर देणं आणि त्याला सतरा लाखांसमोर ‘तीन’ करून टाकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतला तत्त्ववेत्ता जॉन रॉल्स १९७१ मध्ये यावर नेमकं बोट ठेवून गेला. त्याचा आक्षेप असा, की एक माणूस आज त्रास काढून उद्याचं सुख कमावतो हे ठीक, कारण त्रास त्याचा आणि सुखही त्याचंच. उपयुक्ततावाद हाच न्याय सगळ्या समाजाला लावतो, जणू समाज म्हणजे एकच मोठा माणूस आहे. पण त्रास काढणारा एक आणि सुख भोगणारा दुसराच असला तर? मला हे रॉल्सआधी आमच्या भावकीतल्या एका काकूनं सांगितलं होतं. “त्यांचं पोट भरलं म्हणून माझी भूक कशी जाईल?” काकूनं रॉल्स वाचलेला नाही.

इथे कुणीतरी आकाशवाणीचं ब्रीद काढतं. बहुजन हिताय, बहुजन सुखाय. म्हणजे हे आपल्याकडेही होतंच की! होतं, पण उलट्या अर्थानं. मूळ सांगणं बुद्धाचं आणि ते भिक्खूंना आहे, की बाहेर पडा, पायपीट करा, पुष्कळांच्या हितासाठी. त्यात त्रास घ्यायचाय तो सांगणाऱ्यानं आणि जाणाऱ्यानं. थोड्यांना ढकलून पुष्कळांना वाट करून द्या, असं त्यात कुठेही नाही. हे दोन विचार एकाच पाटीवर लिहिणं ही बेंथमची फसवणूक आहे आणि बुद्धाचीही.

मोजणीच वाईट असं मी म्हणत नाही, ते का ते आमच्या खोल्यांमधल्या एका पोरावरून सांगतो. बुलढाण्याकडचा, तेवीस वर्षांचा. एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटदारामार्फत कामाला. पॉवर प्रेसवर हाताची चाहूल लागली की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो बंद ठेवला की तासाला नग जास्त निघतात. त्याच्या मशीनचा बंद होता. उजव्या हाताची तर्जनी गेली. आल्यावर पहिली तक्रार त्यानं कशाची केली असेल? फोनचं लॉक उघडत नाही. त्याच बोटावर होतं.

आता बघा, या बोटाचा हिशेब कायद्यात आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात कोष्टक होतं. अंगठा गेला तर कमावण्याच्या ताकदीतून ३० टक्के गेले. तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीचं नुसतं टोक गेलं, हाड शाबूत राहिलं, तर ५. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शिसारी आली. बेंथमचं भूत कोष्टक करून बसलंय असं वाटलं. मग त्या पोराबरोबर कागद गोळा करत हिंडलो, तेव्हा कळलं की हेच कोष्टक त्याच्या बाजूनं उभं आहे. कंत्राटदार म्हणत होता, “तुझ्याच चुकीनं झालं, पाच हजार घे आणि गावी जा.” कोष्टक म्हणत होतं, १४.

फरक कुठे आहे ते नीट पाहा. कोष्टक विचारत नाही की या बोटाच्या बदल्यात गाड्या किती स्वस्त झाल्या, किती ग्राहक खूश झाले, किती जणांना रोजगार मिळाला. बोट त्याचं, नुकसान त्याचं, पैसे त्याला. दुसऱ्या कुणाचं सुख मधे येऊन त्याचे १४ टक्के खाऊ शकत नाही. ही मोजणी आहे, बेरीज नाही. कंत्राटदाराची भाषा बेरजेची होती. “दोनशे पोरं कामाला आहेत, तुझ्या एकट्यासाठी शेड बंद करायची का?”

हेच जमिनीचं. २०१३ चा भूसंपादन कायदा काय म्हणतो? खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती घ्या, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर ७०. बेंथमच्या वहीत हा रकानाच नव्हता. ज्याचं जाणार त्याचं ‘हो’. पण औद्योगिक विकासाचा राज्याचा १९६१ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात संमतीची अशी अट नाही. नोटीस येते, हरकत घेता येते, सुनावणी होते. व्यवहारात दर वाटाघाटीनं ठरतो, आणि पुष्कळांना चांगला मोबदला मिळालाय, हेही खरं. गुंठ्याचा भाव कुणीही सांगेल. इंद्रायणीचा भाव कोण सांगणार? आळंदीला घाटावर पांढरा फेस तरंगतो, वारकरी त्यात बुडी मारतात, चार दिवस बातम्या होतात. त्या फेसात कारखान्यांचं पाणी किती आणि शहरांचं सांडपाणी किती यावर भांडणं चालतात. पण ज्या ज्या प्रकल्पाचा ‘फायदा’ जाहीर झाला, त्याच्या कागदावर नदी नव्हती. वही अपुरी असते ती चुकून नाही. जे मोजणाऱ्याच्या अंगणातून वाहत नाही, ते वहीत येत नाही.

यावर माझ्या मित्रांचा ठरलेला प्रश्न असतो. “मग काहीच बांधायचं नाही का? एक माणूस अडून बसला तर पुण्यानं थांबायचं?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून मला पुढे जायचं नाही. प्रत्येकाला कायमचा नकाराधिकार द्या असं मी म्हणत नाही. तसं केलं तर उद्या बंगलेवाला अडून बसेल आणि वस्तीला नळ मिळणार नाही. रुग्णवाहिकेला रस्ता हवा तर कुणाची तरी भिंत मागे सरेलच. पण भिंत मागे सरकवताना “सगळ्यांचं भलं” हे कारण पुरेसं मानू नका. ज्याचं जातंय त्याला तुम्ही त्याच्या तोंडावर काय कारण देता, ते त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला पटलं असतं का, आणि त्यानं सांगितलेलं नुकसान तुमच्या वहीत त्याच्या अक्षरात लिहिलं गेलं का, एवढं दाखवा. हे झाल्यावरही वाईट वाटेल. वाटू दे. ‘एकूण फायदा’ हा शब्द ते वाईट वाटणं घालवण्यासाठीच वापरला जातो, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

कारण वाईट वाटणं गेलं की वजाबाकीसाठी फक्त नवा माणूस शोधायचा उरतो. पुण्याच्या नव्या विमानतळाचं बघा. आधी तो आमच्या खेड तालुक्यात होणार होता. गावांनी विरोध केला, डोंगराचीही अडचण निघाली, आणि विमानतळ पुरंदरला गेला. आमच्याकडे लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. आता वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांवर तीच वेळ आली, आणि आमच्याकडचे तेच लोक म्हणतात, “सात गावांसाठी अख्ख्या पुण्याचा विमानतळ अडवायचा का?” वाक्य तेच, शब्दसुद्धा तेच. फक्त आपण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आलो.

आमचीही पाळी येणारच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत रस्त्याला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी. कुरुळी त्याच रस्त्यावर आहे. मला तो रस्ता हवाय. चाकण चौकात दोन-दोन तास सडलेल्या कुणालाही हवाय. त्याच्या सर्व्हिस रोडसाठी उद्या आमच्या अकरा खोल्या जाणार असतील, तर नोटीस वडिलांच्या नावानं येईल, मोबदल्याचा कागद आमच्या घरी येईल, चहा आमच्याकडे होईल, आणि आम्ही कदाचित फायद्यातच राहू. खोल्यांमधली अकरा बिऱ्हाडं मात्र सातबाऱ्यावर नाहीत. त्यांची शिफ्ट कुठे आहे, पोरं कुठल्या शाळेत जातात, तीस दिवसांत याच भाड्यात दुसरी खोली कुठे मिळणार, हे कुठल्याच रकान्यात येणार नाही. माझ्या वडिलांच्या वहीतही नाही. म्हणून त्या अकरा घरांची यादी मी आत्ताच करायला घेतलीय. पहिलं नाव त्या बुलढाण्याच्या पोराचं आहे. त्यानं त्याच्या नावापुढचा रकाना स्वतः भरलाय, मधल्या बोटात पेन धरून.